खोलीवरचा रुमाल

संगमनेरच्या बसस्टँडसमोर काकासाहेबांचा एसटीडी बूथ होता. पुढच्या बाजूला बोलायच्या दोन काचेच्या केबिन, शेजारी झेरॉक्सचं मशीन आणि मागच्या भिंतीला लागून एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर कायम प्लॅस्टिकचं झाकण असे. बिलं छापायला म्हणून काकासाहेबांनी तो घेतला होता, पण बिलं हातानंच लिहिली जात. भारती साळवे तिथं कामाला लागली ती अठ्ठ्याण्णव साली, झेरॉक्स काढायला.

तिचे वडील बन्सी साळवे भंडारदऱ्याच्या धरणावर मजूर. दारं चढवायची, उतरवायची, साखळ्यांना ग्रीस लावायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. मुलगी बारावी झाली, टायपिंगची परीक्षा पास झाली आणि संगमनेरला रंगुबाई मावशीकडं राहून नोकरी करू लागली. सुट्टीला ती घरी गेली तेव्हा बन्सींनी पगार विचारला नाही. काम काय करतेस, एवढं विचारलं. झेरॉक्स काढते म्हटल्यावर म्हणाले, "कागद अडकला तर मशीन उघडता येतं का?" तिला येत नव्हतं. पुढच्या खेपेला घरी गेली तेव्हा येत होतं.

काकासाहेबांचा दुसरा धंदा म्हणजे भंडारदऱ्याचं लॉज. खोल्या दहा. तिथं सहादेव असे. मॅनेजर तोच, वाढपी तोच, रात्री दाराशी झोपणाराही तोच. लॉजचा फोन बऱ्याचदा बंद असायचा, म्हणून बुकिंग संगमनेरच्या बूथवर होई. पुण्या-नाशिकचे एजंट फोन करत, भारती नावं लिहून घेई आणि भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावाला जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी देई. कंडक्टर ती सहादेवला पोचवी. तसं बरं चाललं होतं. पण सुट्ट्यांच्या दिवसांत बूथच्या लाइनी या फोनांतच अडकत आणि बोलायला आलेली गिऱ्हाइकं बाहेर ताटकळत.

भारती संध्याकाळी एका कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागली. तिथं इंटरनेटसाठी पान कसं लिहायचं ते शिकवत. तिनं लॉजचं पान लिहिलं. धरणाचा फोटो, खोल्यांची माहिती, फोन नंबर. काकासाहेबांनी आपलं नाव पडद्यावर पाहिलं आणि खुर्ची पुढं ओढली. भारतीचं मात्र समाधान होईना. पान बघणाऱ्यानं शेवटी फोनच करायचा, तर पानानं काम काय केलं? खोली रिकामी आहे की नाही हे पानानं सांगावं, येणाऱ्याचं नाव पानानंच लिहून घ्यावं, असं तिला हवं होतं. तिनं क्लासच्या सरांना विचारलं. सर सरळ माणूस. म्हणाले, "ते पान नाही, तो प्रोग्रॅम झाला. मला तो येत नाही. पुस्तक आहे माझ्याकडं, पण मी ते अर्ध्यात सोडलंय."

पुस्तक पर्ल नावाच्या भाषेचं होतं. ही भाषा माणसांची नव्हे, प्रोग्रॅम लिहायची. पुस्तक जाडजूड आणि इंग्रजी. भारतीनं ते अर्ध्यात सोडलं नाही. ती फार हुशार होती म्हणून नव्हे. तिचं इंग्रजी बारावीपुरतं होतं. न कळलेल्या ओळीखाली ती पेन्सिलीनं रेघ मारायची आणि पुढं जायची. दुसऱ्या दिवशी नवीन काही वाचायच्या आधी त्या रेघांकडं यायची. कळली तर रेघ खोडायची, नाही तर राहू द्यायची. काही रेघा आठवडा आठवडा तशाच राहिल्या. पण कळलं नसताना कळलं असं तिनं एकाही ओळीला म्हटलं नाही.

दुसरी अडचण मोठी होती. प्रोग्रॅम लिहायचा संगमनेरात, पण चालायचा दुसरीकडं. पुण्याच्या एका कंपनीकडून काकासाहेबांनी इंटरनेटवर जागा भाड्यानं घेतली होती. ते मशीन अमेरिकेत कुठंतरी होतं. तिथवर प्रोग्रॅम पाठवायचा तर पुण्याचा नंबर फिरवून फोनची लाइन अडवायला लागे, तीही पहाटे, दर कमी असतो तेव्हा. काकासाहेबांनी तिला शटरची किल्ली दिली होती, पण उजाडेपर्यंतच. एखादी चूक राहिली की ते मशीन 'चूक झाली' एवढंच सांगे. कुठं झाली ते सांगत नसे. शोधेशोधेपर्यंत लाइन तुटायची आणि समोर वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरायला लागायचे.

म्हणून भारतीनं स्वतःला एक शिस्त लावली. कागदावर चाललेला नाही तो प्रोग्रॅम पाठवायचा नाही. झेरॉक्सच्या खराब कागदांच्या पाठीवर ती प्रोग्रॅम लिही. ओळीवर बोट ठेवायचं, मशीननं जे केलं असतं ते आपण करायचं, मग पुढच्या ओळीवर जायचं. कंटाळवाणं काम. खड्डा खणणाऱ्याला निदान खड्डा दिसतो, हिला तेही नाही. तरी त्या कंटाळ्यातनं ती पळाली नाही.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्याच्या तोंडावर ते चालू झालं. एजंटांनी आपापल्या गावच्या सायबर कॅफेत बसायचं, पान उघडायचं, आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा. रिकामी खोली हिरवी दिसे, गेलेली लाल. हिरव्या खोलीवर माउस दाबला की फॉर्म येई, त्यात गिऱ्हाइकाचं नाव भरलं की खोली त्याची. नाशिकच्या शुभांगीबाई ट्रॅव्हलचं ऑफिस चालवत, त्यांनी पहिली खोली घेतली. भारतीनं ते नाव पडद्यावर पाहिलं आणि मशीन बंद पडेल या भीतीनं हातच लावला नाही. मुंबईचे दोघे-तिघेही हळूहळू त्यावर आले. पुण्याचा नितीन मात्र आला नाही. तो सगळ्यांत मोठा एजंट. त्याचं म्हणणं, "मी असलं पान-बिन बघत नाही. काकासाहेबांना फोन करतो, खोली घेतो."

ऑगस्टच्या सुट्टीत घोटाळा झाला. सहादेवनं शेंडीतनं फोन केला.

"ताई, पाच नंबरला दोन कुटुंबं आली हायेत. एक नाशिकचं, एक मुंबईचं. दोघांकडं बी तुमच्या पानाचा कागद हाय. एकाला जेवायच्या हॉलमधी झोपवलं. लई शिव्या खाल्ल्या मी."

"माझ्यामुळं झालं सहादेवभाऊ."

"म्हंजे काय? तुमच्या वाट्याच्या बी मीच खाल्ल्या."

काकासाहेबांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझ्या कॉम्प्युटरला एक आणि दोनातला फरक कळतो का, पोरी?" मग नितीनचं काय चाललंय ते त्यांनी सांगून टाकलं. दिवाळीपासून पुढं वर्षभर सगळ्या खोल्या नितीन ठोक घ्यायला तयार होता. बुकिंगची कटकट तो पुण्यातनं बघणार. कॉम्प्युटरही तोच घेऊन जाणार, त्याला लागतच होता. "तुझं झेरॉक्स हायच," काकासाहेब म्हणाले. "दिवाळीपर्यंत बघतो. दिवाळीला खोल्या सरळ भरल्या तर ठीक. न्हाई तर नितीनला देऊन मोकळा होतो."

नोकरी जाणार नव्हती. जाणार होता तो कॉम्प्युटर. इंटरनेट जोडलेला आणि आपल्याला हात लावता येईल असा दुसरा कॉम्प्युटर भारतीच्या माहितीत संगमनेरात नव्हता. क्लासमध्येसुद्धा जोड नव्हती. तो गेला की शिकणं तिथंच संपलं. पर्लचं पुस्तक नुसतं वाचून येत नाही, जसं पोहायचं पुस्तक वाचून येत नाही.

तिनं प्रोग्रॅम पुन्हा कागदावर चालवला. एकही ओळ चुकत नव्हती. खोली रिकामी आहे का बघितलं, आहे. फॉर्म दाखवला. नाव घेतलं. लाल केली. सगळं बरोबर. मग दोघांना मिळाली कशी?

शेवटी तिनं मावशीला धरलं. रंगुबाई भाजी मार्केटात पाट्या वाहायची. दुपारून घरी असायची. भारतीनं फरशीवर दहा चिंचोके मांडले. म्हणाली, "मावशे, तू नाशिक, मी मुंबई. हे चिंचोके म्हणजे खोल्या. एक बघायची, गिऱ्हाइकाला विचारायचं आणि मग उचलायची." रंगुबाईला खेळ आवडला. तिनं पाचव्या चिंचोक्याकडं बघितलं आणि खोट्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली. पोरं किती, जेवण तिखट चालतं का, असलं सगळं. ती बोलत होती तोवर भारतीनंही पाचवाच चिंचोका बघितला. रिकामाच होता. दोघींचे हात एकदमच त्याच्यावर पडले.

"सोड," रंगुबाई म्हणाली. "मी आधी बघितला हुता."

"बघून काय होतं? उचलला नव्हतास ना."

"मग बघितल्या बघितल्या धरून ठिवायचा. यष्टीत रुमाल टाकत्यात तसा." आणि तिनं कमरेची मिश्रीची डबी काढून चिंचोक्यावर ठेवली. "आता ये बघू तू."

भारती डबीकडं बघत बसली. बघणं आणि नाव भरणं यांच्या मध्ये वेळ जातो. त्या वेळात खोली कुणाचीच नसते. तिचा प्रोग्रॅम त्या मधल्या वेळाकडं बघतच नव्हता. तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला. रंगुबाई डबी तिथंच टाकून उठली आणि दुधाच्या मागं लागली ती परत आलीच नाही. भारतीनं चिंचोके गोळा केले आणि पाठकोरे कागद पुढं ओढले.

पुढचे काही दिवस ती फक्त रुमाल लिहीत होती. एजंटानं खोलीचा फॉर्म उघडला की प्रोग्रॅमनं त्या खोलीवर त्याचा रुमाल टाकायचा. खोली लगेच लाल. दुसऱ्या कुणाला तिचा फॉर्म उघडणार नाही. कागदावर चाललं. पहाटे पाठवलं, तिथंही चाललं. तिनं शुभांगीबाईंना फोनवर धरून एकाच वेळी एकच खोली मागून बघितली. एकीलाच मिळाली. भारतीनं काकासाहेबांना सांगितलं की आता एका खोलीत दोन बिऱ्हाडं जाणं शक्य नाही. हे तिनं छाती ठोकून सांगितलं, आणि ते खरंही होतं.

दसरा झाला आणि पानावर दिवाळीच्या खोल्या लाल व्हायला लागल्या. बघता बघता दहाच्या दहा लाल. काकासाहेब खूश. समोरच्या चहाच्या गाड्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "दिवाळी फुल्ल." थेट फोन करणाऱ्यांना ते स्वतःच नाही म्हणू लागले. नितीनलाही त्यांनी तसंच कळवलं. तो म्हणाला, एकदा येऊन बघतो.

दिवाळीला आठवडा उरला असताना कंडक्टरनं सहादेवचा निरोप आणला. किराणा भरायचाय, माणसं किती ते कळवा. भारतीनं नावं मोजायला घेतली. दहा खोल्या लाल होत्या. नावं तीन खोल्यांची होती.

तिला वाटलं नावं कुठं गळाली. तिनं अमेरिकेतल्या मशीनवरची सगळी नोंद उतरवून घेतली आणि ओळीओळीनं वाचली. नावं गळाली नव्हती. ती कुणी भरलीच नव्हती. एजंटांनी गिऱ्हाइकाला दाखवायला फॉर्म उघडला होता, गिऱ्हाईक विचार करतो म्हणून गेलं होतं आणि एजंटांनी पान बंद केलं होतं. रुमाल मात्र तसेच पडून होते. रुमाल टाकणारा गाडीत चढलाच नाही तर काय, हे तिनं प्रोग्रॅममध्ये लिहिलंच नव्हतं. त्यात रुमालाची खोली आणि नावाची खोली दोन्ही तिनं एकाच लाल रंगात दाखवल्या होत्या, त्यामुळं बघणाऱ्या कुणालाच फरक कळत नव्हता. मावशी डबी टाकून दुधामागं गेली तेव्हाच हे दिसायला हवं होतं. समोर घडलं होतं, आणि तिनं चिंचोके गोळा केले होते.

सात खोल्या ती गुपचूप हिरव्या करू शकली असती. एका ओळीचं काम. काकासाहेबांना कळलंही नसतं. भारती उठली आणि चहाच्या गाड्यावर गेली. तिथं चार लोक बसले होते. तिनं काकासाहेबांना त्यांच्यातनं उठवून बाजूला घेतलं आणि सांगितलं की लॉज भरलेलं नाही, सात खोल्या मोकळ्या आहेत, आणि चूक तिची आहे.

काकासाहेबांच्या हातातली बशी तशीच राहिली.

"मी लोकास्नी परत लावलं की ग. फोनवर न्हाई न्हाई म्हनत बसलो."

"हो काका."

"रुमाल टाकून मानसं घरी गेली व्हय?"

"हो."

"मग कंडक्टर काय करतो अशा टायमाला? डबल बेल दिली, की रुमाल बाजूला आन् जो उभा हाय तो बसतो. तुझ्यात कंडक्टरच न्हाई?"

"नाही. टाकते," ती म्हणाली.

नितीन दोन दिवसांनी येणार आहे, एवढंच काकासाहेब म्हणाले.

तिनं आधी ठरवलं की रोज संध्याकाळी सहाला सगळे रुमाल उचलायचे. कागदावर बोट फिरवताना लक्षात आलं की मशीन अमेरिकेत आहे, त्याचे सहा कधी वाजतात कोण जाणे. शिवाय पावणेसहाला रुमाल टाकणाऱ्यावर तो अन्याय. मग तिनं घड्याळ सोडलं. रुमाल पडल्यापासून किती वेळ गेला तेवढंच मोजायचं. तो वेळ किती धरावा, हे तिनं शुभांगीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अर्धा तास पुरे. नवरा-बायकोचं एकमत नसेल तर जास्त लागेल, पण ते गिऱ्हाईक तसंही येत नाही." अर्धा तास ठरला. रुमालाला पिवळा रंग दिला, नावाला लाल. शेवटी नाव लिहून घेताना, रुमाल अजून त्याचाच आहे ना, हे प्रोग्रॅमनं पुन्हा बघायचं, हीही ओळ घातली. मावशीला बसवलं. या वेळी तिला मुद्दाम उठवून पाठवलं, आणि ती परत आली तेव्हा डबी चिंचोक्यावरनं बाजूला काढलेली होती. रंगुबाई म्हणाली, "माझी जागा?" भारती म्हणाली, "गेली." मावशीला राग आला, आणि भारतीला खात्री पटली.

पहाटे लाइन सारखी तुटत होती. उजाडायच्या आत प्रोग्रॅम पोचला. नऊ वाजता तिनं एकेका एजंटाला स्वतः फोन केला. खोल्या भरल्या आहेत असं दिसत होतं ती माझी चूक, सात मोकळ्या आहेत, आता मागा. काकासाहेबांनी परत लावलेल्यांपैकी ज्यांचे नंबर लिहून ठेवले होते त्यांनाही केला. चूक सांगताना तिनं आवाज खाली आणला नाही.

नितीन दुपारी आला. काखेत पिशवी, पिशवीत कराराचा कागद. काकासाहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कागद वाचायच्या ऐवजी दोघंही पडद्याकडं बघत बसले. लाइन तुटली तर जोडायला आणि पान पुन्हा उघडून दाखवायला भारती शेजारी उभी. एक खोली पिवळी झाली. थोड्या वेळानं लाल झाली आणि नाव आलं. मग दुसरी. आठ नंबर पिवळी झाली आणि तशीच राहिली. नितीन हसला. "बघा, पुन्हा अडकली." त्याचा चहा संपला, पान खाऊन झालं. आठ नंबर आपोआप हिरवी झाली, आणि काकासाहेब चष्मा पुसून बघेपर्यंत शुभांगीबाईंच्या गिऱ्हाइकानं ती घेतलीही.

"रुमाल कोनी उचलला?" काकासाहेबांनी विचारलं.

"कंडक्टरनं," भारती म्हणाली.

दिवेलागणीपर्यंत आठ खोल्या लाल झाल्या. दोन हिरव्याच राहिल्या.

नितीन म्हणाला, "दोन रिकाम्या राहिल्या, काकासाहेब. मी दहा घेत होतो. आणि या पोरीनं तुमचं लॉज आठवडाभर बंद ठेवलं होतं, हे विसरू नका."

"व्हय, ठिवलं हुतं," काकासाहेब म्हणाले. "आन् मला सांगितलं बी तिनंच, चार मानसांतनं उठवून. तू सांगितलं असतंस का?"

नितीननं कागद पुढं सरकवला. काकासाहेबांनी तो घडी करून परत त्याच्या पिशवीवर ठेवला. कॉम्प्युटर इथंच राहील म्हणाले. "खोल्या तिथं दिसत्यात. तुला लागतील तितक्या तिथनं घे. फोन मला करू नको, मी उचलनार न्हाई."

नितीनकडं दिवाळीचं गिऱ्हाईक होतं, आणि दोन खोल्या समोर हिरव्या दिसत होत्या. त्यानं खुर्ची कॉम्प्युटरकडं ओढली. भारतीनं त्याचं नाव लिहून घेतलं, कीबोर्ड त्याच्याकडं फिरवला आणि पासवर्ड तुमचा तुम्हीच टाका म्हणाली. तो टाकेपर्यंत ती पाठ करून रस्त्याकडं बघत उभी राहिली.

"झालं," नितीन म्हणाला. नऊ नंबर पिवळी झाली होती.

भारती वळली. "अर्धा तास आहे तुम्हाला," ती म्हणाली.